सावलीत उरलेला उजेड

डॉ. तहसीन मुजावर यांनी प्रयोगशाळेतले दिवे मालवले आणि भिंतीएवढ्या पडद्यावर सहा वर्षांच्या एका मुलीचा चेहरा उमटला. अर्धा खिडकीच्या उजेडात, अर्धा दाट काळोखात. उजेडातला डोळा कॅमेऱ्याच्या बाजूने पलीकडे कुठेतरी पाहत होता. तेवीस वर्षं माणसं या छायाचित्रासमोर येऊन गप्प होत होती.

"ही तुमचीच मुलगी ना, केळुस्कर सर?"

"हो, मृण्मयी." श्रीनिवास केळुस्कर हसले. लहान मुलांची छायाचित्रं म्हटलं की देशभर त्यांचंच नाव घेतलं जाई. "आणि ती दुःखी वगैरे काही नव्हती बरं का! दहा मिनिटं आधी खिदळत होती. डाव्या बाजूला काळा पडदा लावला, खिडकी वीतभर उघडी ठेवली, झालं. भाव मुलाच्या चेहऱ्यावर नसतो, सावलीत असतो. प्रत्येक व्याख्यानात मी हेच सांगतो."

"तुमच्या सावल्या इतक्या गडद आहेत म्हणूनच तुम्हाला मिरजेपर्यंत यायचा त्रास दिला," तहसीन म्हणाल्या. "आमच्या छायावाचक यंत्राला अशाच लागतात."

"काळ्यात वाचायचं काय?"

"सावली पूर्ण काळी कधीच नसते, सर. खिडकीचा उजेड तिथे पोचत नाही, पण खोलीतल्या प्रत्येक वस्तूवरून परतलेला किंचित उजेड पोचतो. चेहऱ्याच्या उजळ बाजूवर तो झगझगाटात बुडून जातो. सावलीत मात्र तेवढाच उरतो. मुलीच्या मागची भिंत, तिचा काळोखातला गाल, या सगळ्यावर खोलीची पुसट छाप असते. डोळ्याला ती दिसत नाही. छायावाचक त्या छटा मोजतो आणि छायाचित्राच्या चौकटीबाहेर काय होतं त्याचं चित्र मांडतो."

"म्हणजे माझी पाठ दिसेल?"

"पाठ नाही, पोट दिसेल. मुलीच्या जागेवरून जे दिसत होतं, ते. खोलीत काय काय होतं, तेवढं सांगा, म्हणजे ताळा करता येईल."

"मी, कॅमेरा, त्याखालचं तिकाटणं. माझ्या मागे दार, लोटलेलं. बायको आत असेल. त्याच दिवशी ती आम्हाला सोडून गेली. मला तर सांगितलं नाहीच, पोरीचाही निरोप घेतला नाही. दोन वर्षांनी बेंगळुरूला अपघातात वारली."

त्या दिवशी काढलेली बारा छायाचित्रं केळुस्करांनी मूळ स्वरूपात आणली होती. तहसीननी पहिलं निवडलं. पडद्यावर राखाडी ठिपके दाटत गेले. खिडकीची फट आली, तिकाटणं आलं, कॅमेऱ्यावर वाकलेले केळुस्कर आले. त्यांच्या मागे एक उभा, उजळ आयत.

"दार उघडं आहे," तहसीन म्हणाल्या.

आयताच्या मधोमध कुणी बाई उभी होती. खांद्याला पिशवी, एक हात चौकटीवर.

"यंत्र चुकतंय," केळुस्कर म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

"चुकलं तर दर वेळी वेगळं चुकेल. दुसरं बघू."

दुसऱ्यातही ती होती. तिसऱ्यात, चौथ्यातही, थेट अकराव्यापर्यंत. छायाचित्रांवर वेळ नोंदलेली होती. पहिलं चार वाजून दहा मिनिटांनी, अकरावं चार एकोणीसला. नऊ मिनिटं ती दारात उभी होती आणि एवढ्या वेळात केळुस्करांनी एकदाही मान वळवली नव्हती.

बाराव्यात दार रिकामं होतं.

बारावं म्हणजे जगाने पाहिलेलं छायाचित्र. सावली अखेर मनासारखी जमली म्हणून त्यांनी निवडलेलं.

केळुस्करांनी खिशातून फोन काढला. मृण्मयीचा नंबर लावला.

"मृणू, त्या दिवशी आई दारात होती?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तू का नाही सांगितलंस मला?"

"सांगितलं होतं, बाबा. तेव्हाच. दोनदा. 'बाबा, आई' म्हणाले. तू म्हणालास, बोलू नकोस, चेहरा हलतो. ते आईनेही ऐकलं."

केळुस्करांनी आठवायचा आटोकाट प्रयत्न केला. भिंग आठवलं, पडद्याची चुणी आठवली, उजेडाचं माप आठवलं. मुलीचा आवाज काही केल्या आठवेना.

"नंतर तरी सांगायचंस गं!"

"नंतर तू म्हणायला लागलास, ती निरोप न घेता गेली. तू मोठा होतास. मला वाटलं, तुलाच नीट माहीत असणार. बाबा, जाताना तिने मला हात केला होता का? दिसतंय तुला?"

तहसीननी न सांगता अकरावं छायाचित्र पडद्यावर आणलं. आकृती रेखीव होती, पण चौकटीवरचा हात आता खांद्याच्या वर होता आणि तेवढाच भाग फिस्कटलेला होता.

"झडप अर्धा सेकंद उघडी होती," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "तेवढ्यात जे हलतं, तेच असं पसरतं."

"केला होता," केळुस्कर फोनमध्ये म्हणाले. "हात हलत होता."



"मला इतकी वर्षं वाटायचं," एकोणतीस वर्षांची मृण्मयी म्हणाली, "की ते मी मनानेच रचलं."