वैजयंतीच्या तेरा चकत्या

मंचरच्या बाजाराजवळ एसटीचं मागचं चाक फुस्सकन बसलं. प्रवासी कुरकुरत खाली उतरले. वैजयंतीही उतरली, छातीशी एक स्टीलचा डबा घट्ट धरून. नव्व्याण्णवचा जानेवारी होता. ऊन कोवळं, आणि हवेत कांद्याचा उग्र वास. पाठीवर पोतं घेतलेल्या हमालाचा धक्का लागला आणि डब्याचं झाकण उडालं. बारा पोलादी चकत्या खणखण करत पायाशी पडल्या. तेरावी मात्र कडेवर उभी राहिली आणि घरंगळत थेट समोरच्या वर्कशॉपच्या दारात गेली.

लेथवर वाकलेल्या एका तरुणानं ती उचलली. अंगठ्यानं पुसली, उन्हात धरली.

"हात लावू नका!" बाकीच्या कशाबशा डब्यात भरून वैजयंती धावत आली.

"लावला की," तो शांतपणे म्हणाला. "लई सुंदर रंग हाय. कांद्याच्या सालीवानी जांभळा. कशाचा?"

"रंग नाही तो. झिर्कोनियम नावाच्या धातूचं ऑक्साइड आहे. केसाच्या शंभराव्या भागाएवढा थर... आणि त्यावर तुमचा तेलाचा ठसा!"

"ऑक्साइड? म्हंजे गंजच की. आमी लोखंडाचा गंज काढतो, आन् तुमी चढवता?"

तिला राग यायला हवा होता. पण त्याचे डोळे इतके निष्पाप होते, की तिला हसूच फुटलं.

"गंज लोखंडाला खातो. हा थर लोखंडाला झिजू देत नाही," ती म्हणाली. मग आवाज उतरला. "म्हणजे... देऊ नये. पण सोलून निघतो. बारा चकत्यांवर बारा वेळा निघाला. ही तेरावी तेवढी उरलीय."

त्याचं नाव रामनाथ. आयटीआय करून वडिलांचा लेथ चालवणारा, पंचक्रोशीतल्या मोटारींचे शाफ्ट नीट करून देणारा. ती पिंपरी पेंढारच्या गेणभाऊंची मुलगी, पुण्यात एम.ई. करणारी. तिच्या प्रयोगशाळेत चकती गरगर फिरायची, वरून एक पिन तिला दाबून घासायची, आणि थर किती टिकतो ते मोजायचं, एवढंच काम. दोन वर्षं तेच केलं होतं. काल सरांनी सांगितलं होतं, मार्चपर्यंत जमलं नाही तर विषय सोडा. विषय सोडला म्हणजे आणखी एक वर्ष, आणि ते वर्ष वडील देणार नव्हते. स्थळं बघायला त्यांनी सुरुवातही केली होती.

हे सगळं तिनं एका अनोळखी माणसाला का सांगितलं, तिलाही कळलं नाही. तो ऐकत होता आणि वाया गेलेल्या चकत्या एकेक करून उन्हात फिरवून बघत होता.

"मॅडम, ह्यांना ग्राइंडिंग कुणी मारलं?"

"पुण्यातच करून घेतलं. का?"

"रेघा बघा. सगळ्या एकाच दिशेनं, सरळ. आन् तुमची पिन घासती गोल. मग दोन जागी ती रेघेबरोबर जाती आन् दोन जागी रेघेला आडवी. आडवी जाती तिथंच सोललंय. ही बघा... ही बी बघा. समोरासमोर."

वैजयंती बघतच राहिली. सोललेला कण न् कण तिनं सूक्ष्मदर्शकाखाली तपासला होता. अख्खी चकती हातात धरून कधी पाहिलीच नव्हती.

चाक बदलून झालं आणि कंडक्टरनं घंटी वाजवली. "जावा, पावणं," रामनाथ हसला, "न्हाईतर गाडी जाईल."

घरी पोचल्यावर तिनं ओट्यावर बाराही चकत्या मांडल्या. आई, बायडाबाई, भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "काय गं, भातुकली मांडलीस का काय?" वैजयंती एकेक चकती दिव्याखाली फिरवून बघत होती. रामनाथ म्हणाला तेच बाराही चकत्या सांगत होत्या.

पुढच्या आठवड्यात ती पुण्याहून नव्या, कोऱ्या चकत्या घेऊन मंचरला उतरली. चाक पंक्चर नसताना.

"लेथवर फिरवत घासू," रामनाथ म्हणाला. "रेघा गोल पडतील. पिन आपली वाटंनं चालंल."

तेव्हापासून दर शनिवारी ती येऊ लागली. तो यंत्राचं चाक हलकेच फिरवायचा, ती भिंगातून रेघा तपासायची. लोखंडाचे चमचमते कीस त्याच्या मनगटावर उडायचे. साळुबाई, त्याची आई, गवती चहाचा कप तिच्या हाती द्यायची आणि "बस की गं जरा" म्हणायची. ती बसायची. बोलणं मशीनचं असायचं, पण मध्येच ते थांबायचं... आणि दोघंही घाईघाईनं वेगवेगळीकडे बघायचे.

फेब्रुवारीच्या अखेरीस पहिली नवी चकती तिनं पुण्यात थर देऊन घासणीच्या यंत्रावर चढवली. हजार फेऱ्याही झाल्या नाहीत, आणि थर पापुद्र्यासारखा उडाला. सगळीकडून.

ती तणतणत मंचरला आली. "तुम्हाला वाटलं तेवढं सोपं नसतं हे! माझे सहा आठवडे गेले!"

रामनाथनं चकती घेतली. उन्हात धरली, नखानं खरवडली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"ही... ही माझी चूक हाय."

"म्हणजे?"

"शेवटी हिला हिरवी पेस्ट मारली. पॉलिशची. त्यात मेण असतं, त्यावर थर धरत न्हाई. तुमी नको म्हणला व्हता."

"मग का मारलीत?"

"चकचकीत दिसावी म्हणून." तो लेथकडं बघत म्हणाला. "तुमी डबा उघडल्यावर... तोंड दिसावं तुमाला त्यात."

वैजयंतीनं चकती त्याच्या हातातून परत घेतली. सगळा राग कुठे गेला ते तिला शोधूनही सापडेना. 

"पुन्हा असं करू नका," ती कसंबसं म्हणाली. "मला... मला साधीच चालते."

"चकती?"

"चकतीच!" ती म्हणाली आणि पाठमोरी झाली, कारण हसू आवरत नव्हतं.

त्यानं तीन दिवसांत पाच नव्या चकत्या करून दिल्या. पेस्ट नाही, झळाळी नाही. नुसत्या बारीक गोल रेघा, हात न लावता कागदात गुंडाळलेल्या. तिनं पुण्यात थर दिला, भट्टीत भाजला, पिन टेकवली. हजार फेऱ्या. पाच हजार. ती स्टुलावर बसून आलेखाच्या रेषेकडे बघत राहिली. रेषा शांतपणे पुढे सरकत होती. वीस हजारांना सर स्वतः उठून आले. "काय बदललंत?" त्यांनी विचारलं.

"मंचरच्या रामनाथ टर्नरनी सांगितलं ते केलं," ती म्हणाली. पुढे प्रबंधातही तिनं तसंच लिहिलं, नावानिशी.

चाचणीच्याच संध्याकाळी तिनं एसटीडी बूथवरून फोन लावला. वर्कशॉपला फोन नव्हता. शेजारच्या खताच्या दुकानातून चिमाजीशेठनी हाक मारली. रामनाथ धापा टाकत आला.

"टिकला?"

"टिकला."

पलीकडे मोठा श्वास सुटला. 

"मग आता..." तो म्हणाला, "तुमाला मंचरला यायचं काम न्हाई राहिलं."

"नाही राहिलं."

"हं."

बूथच्या काचेवर ती बोटानं गोल काढत होती. "काम नसताना आलं तर चालतं का?"

पलीकडून उत्तर येण्याआधी चिमाजीशेठचा आवाज आला, "अरे, हो म्हण की लेका!"

रामनाथ हो म्हणाला. तीनदा.

पुढच्या रविवारी तो साळुबाईला घेऊन मागणी घालायला पिंपरी पेंढारला आला. इस्त्रीचा शर्ट, नखांतलं काळं मात्र घासूनही गेलं नव्हतं. वैजयंती आईशेजारी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. गेणभाऊंनी त्याला नीट न्याहाळलं.

"पोरगी एवढी शिकलेली, तुमी आयटीआय. उद्या तिला तुमचं बोलणं कमी वाटलं तर?"

"तर ती तोंडावर सांगंल," रामनाथ म्हणाला. "माझं चुकलं व्हतं तवा सांगितलं तिनं. मी बी तिचं चुकलं तवा सांगितलं. पुढचं मला ठावं न्हाई, भाऊ. खोटं कशाला बोलू?"

गेणभाऊंनी मान वळवली. "वैजू, खरं का गं हे?"

"खरं आहे, आबा. त्यांनी सांगितलं नसतं तर मी अजून चुकतच असते."

"आन् तुझ्या मनात?"

 तिच्या हातात चहाचा ट्रे होता. रीतीप्रमाणे तो पाहुण्यांपुढे धरून तिला परत आत जायचं होतं. तिनं ट्रे आईकडे दिला. बाहेर आली, आणि सतरंजीवर रामनाथच्या शेजारी जाऊन बसली.

बायडाबाई ट्रे घेऊन पुढे आली आणि तिनं स्वतः सगळ्यांना चहा दिला. पहिला कप रामनाथला.