न रडणारी मुलं

लेकीची रजा संपायला चार दिवस उरले आणि नातीसाठी पाळणाघर बघायचं काम माझ्यावर आलं. नात अडीच वर्षांची.

"बाबा, तुम्ही घरीच असता. शिवाय प्रश्न तरी नीट विचाराल," लेक म्हणाली.

माझी सगळी नोकरी ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक घालण्यात गेली. सवयीने मी एक पुस्तक वाचून बावीस प्रश्नांची यादी केली. ते विचारायचं धाडस मात्र एकाही घरी झालं नाही.

पहिल्या घरी चार मुलं एकदम रडत होती. दुसऱ्या घरी एक पोरगी अशी किंचाळली की मी नातीला कडेवर घेऊन उंबऱ्यावरूनच परतलो. तिसरं घर तळमजल्यावरचं. पुसलेली फरशी, साबणाचा वास, खिडकीला बारीक जाळी. सहा मुलं लाकडी ठोकळे रचत बसली होती. रडणारं एकही नव्हतं. मला शांतता आवडते. तिथेच मी चुकलो.

सांभाळणाऱ्या बाईंनीच मला एक प्रश्न केला.

"ही रडली की घरात सगळ्यात जास्त कोणाला सहन होत नाही?"

"मला," मी ओशाळून म्हणालो.

"बरं." त्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. "सोमवारपासून आणा."

सोमवारी दुपारी वाचता वाचता माझ्या कपाळावर काहीतरी आदळलं. खोलीत मी एकटाच होतो. आरशात पाहिलं, तर भुवईवर टेंगूळ. मंगळवारी दंडावर दातांच्या खुणा उमटल्या. बारीक, अर्धगोलात, दुधाच्या दातांच्या. बुधवारी करंगळी मोडली. कडकन आवाज झाला, तेव्हा मी नुसता खुर्चीत बसलो होतो.

"चालताना तरी पुस्तकातून डोकं बाहेर काढत जा हो, बाबा," लेक पट्टी बांधताना म्हणाली. "आणि हिच्याकडे बघा. अंगावर साधा ओरखडा नाही. काय पाळणाघर शोधलंत!"

माझाच माझ्यावर विश्वास नव्हता. म्हातारपणी हाडं ठिसूळ होतात हे वाचलेलं होतं. दातांच्या खुणांबद्दल कुठे काही सापडलं नाही.

नात मांडीवर चढली. तिने माझी सुजलेली करंगळी दाबली.

"आबा, तुला दुखलं?"

"हो गं."

तिने पुन्हा दाबली.

गुरुवारी संध्याकाळी फाटकाशी मुलांना न्यायला आलेली माणसं उभी होती. एका आजींचा हात गळ्यात अडकवलेला. एका बापाचे पुढचे दोन दात नव्हते.

"कितवा दिवस?" आजींनी हळूच विचारलं.

"चौथा."

"मग अजून बोटावरच असेल," तो बाप म्हणाला. कोणी हसलं नाही.

शुक्रवारी मी भर दुपारी गेलो आणि खिडकीच्या जाळीला डोळा लावला.

बाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

मुलं एकमेकांना मारत होती. ठोकळ्यांनी, डोक्यात, होता नव्हता तेवढा जोर लावून. मार खाणारं मूल खुसुखुसु हसायचं आणि ठोकळा उचलायचं. रक्त कुठेच नव्हतं.

माझी नात भिंतीच्या कोपऱ्यासमोर उभी होती. ती चार पावलं मागे गेली, धावली आणि कपाळ कोपऱ्यावर आपटलं.

माझ्या डोळ्यांवर रक्ताची धार आली.

ती हसली.

मी आत घुसून तिला उचललं. जन्मात पहिल्यांदा कोणावर तरी ओरडलो. "मला हिला इथे ठेवायचं नाही!"

"न्या ना," बाई हातातली घडी न मोडता म्हणाल्या. "शिकली ती आता."

कपाळाला सहा टाके पडले. चांगलं पाळणाघर सोडवलं म्हणून लेकीला रजा वाढवून घ्यावी लागली आणि तिने माझ्याशी बोलणं टाकलं.

आज सकाळी ती आंघोळीला गेली आहे. मी पलंगावर पडलो आहे. नात दाराशी खेळते आहे. तिने उजव्या हाताची चारही बोटं बिजागरीच्या फटीत घातली आहेत. डावा हात दारावर आहे.

"नको, बाळा," मी म्हणतो.

ती दाराकडे बघत नाही. माझ्या उजव्या हाताकडे बघते आहे.