मावशीच्या डोक्याशी असलेलं दार

आधीच सांगतो, ही रात्रीची गोष्ट नाही.

शनिवारची दुपार होती. ऑफिसात लख्ख उजेड, डोक्यावर पंखा करकरत होता. रात्रीची असती तर मीच म्हटलं असतं की झोप झाली नव्हती, भास झाला.

मीठमसाला न लावता जे झालं तेच लिहितोय. कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे. खोटं निघालं तर मलाच सगळ्यात जास्त बरं वाटेल.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी कॉम्प्युटरवर इमारतींची मॉडेल्स बनवतो. कॉलेजात नाही शिकलो, व्हिडिओ बघून बघून शिकलो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत म्हणजे नुसती रेघ नसते. इथे प्रत्येक वस्तूचं दुसरीशी नातं असतं. दार भिंतीत बसतं. भिंत सरकवली की दार सरकतं. पलंग भिंतीला बांधून ठेवला तर तोही मागोमाग जातो. एकत्र कुटुंबच समजा, एकाला ढकललं की चौघं कुरकुरतात.

आणि भिंत डिलीट केली की तिच्यातलं दारही जातं. भिंतीशिवाय दार राहूच शकत नाही.

एवढं लक्षात ठेवा.

घरी मी आणि मावशी. तिनेच मला वाढवलं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर धरून चालते. तिच्या खोलीला लागून बाथरूम आहे, पण त्याचं दार बाहेरच्या बाजूला आहे आणि वॉकर आत जात नाही. मधली भिंत पाडून जागा वाढवायची, पकडायला स्टीलचा दांडा लावायचा, असं ठरलं होतं. गवंडीही ठरला होता. त्यासाठी मी आमच्या घराचं छोटं मॉडेल माझ्या लॅपटॉपवर बनवलं होतं.

तर शनिवारी...

ऑफिसात एका जुन्या दवाखान्याचं काम चालू होतं. त्याचं वसतिगृह करायचं होतं. वरच्या मजल्याच्या बोळात, अगदी शेवटच्या भिंतीत, मला एक दार दिसलं.

साइटच्या फोटोत तिथे दार नव्हतं. कोरी भिंत होती.

शेजारी फुटपट्टी बसतो. उंच, सरळ, आणि सारखा दुसऱ्याला मोजत असतो, म्हणून फुटपट्टी.

"हे दार तू टाकलंस का रे?"

त्याने मान लांब करून बघितलं. "त्या भिंतीपलीकडे इमारत संपते. लोकांना खाली पाडायला दार लावू का मी?"

"मग कुणी टाकलं?"

"नाव बघ की."

कुठली वस्तू कुणी टाकली ते फाइलमध्ये कळतं. मी बघितलं.

माझंच नाव होतं.

"चोर तो चोर, वर शिरजोर," फुटपट्टी म्हणाला आणि हसला.

मला नाही हसू आलं. हे काम संपलं की ऑफिसच्या मालकीणबाई, मॅडम, आमच्या दोघांतला एकच ठेवणार होत्या, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी पाणी प्यायला उठलो की माझा कॉम्प्युटर उघडाच असायचा. कुणालाही माझ्या नावाने काहीही करता आलं असतं.

मी दार डिलीट केलं. पासवर्ड बदलला.

सोमवारी दार परत तिथेच.

नाहीतरी त्या जागी नवा जिना येणार होता, म्हणून ती भिंत पाडायचीच होती. मी अख्खी भिंत डिलीट केली. दार गेलं.

जेवून आलो...

दार बाजूच्या भिंतीत होतं. नाव माझंच.

मी फुटपट्टीकडे बघत बसलो. तो शिट्टी वाजवत खिडक्या लावत होता. इतका साळसूद माणूस मी बघितला नाही, असं तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो रजेवर होता. मी जागचा हललो नाही. डबाही तिथेच खाल्ला. दार बसलेली ती बाजूची भिंत डिलीट केली आणि पडद्यावर डोळे लावून बसलो. सगळं स्वच्छ होतं.

एकदा शिंकलो.

बघतो तर पुढच्या भिंतीत दार...

आता संशय घ्यायला माणूसही उरला नाही.

तेवढ्यात साइटवरून मुकादमाचा फोन आला.

"साहेब, ती शेवटची भिंत पाडली. तिच्यात काही लोखंडी होतं का?"

"नाही. का?"

"काही नाही... पाडताना आवाज आला. पलीकडून कुणी कडी काढली, असा. माणसं काम सोडून उभी राहिली."

"पलीकडे काय आहे?"

"पलीकडे काय असणार साहेब, हवा."

त्या संध्याकाळी मी घरी लवकर गेलो. मावशी पलंगावर बसून होती, कपाळाला आठ्या घालून.

"ते दार नीट लावत जा रे. दुपारभर कडी वाजतेय. डोळ्याला डोळा नाही."

"कुठलं दार?"

"हे काय, माझ्या डोक्याशी."

तिच्या डोक्याशी बाथरूमची भिंत आहे. दार तिकडे नाही, पार पायाशी आहे.

"मावशी, गोळ्या घेतल्यास का?"

"गोळ्यांचं मला शिकवू नकोस. कडीला तेल घाल."

मी लॅपटॉप काढला. ही फाइल ऑफिसला जोडलेली नाही. माझ्याशिवाय ती कुणी उघडलेली नाही.

मावशीच्या डोक्याशी, भिंतीत...

दार होतं.

मग मला आठवलं. बाथरूमचा तो दांडा मी नव्याने बनवला नव्हता. कंटाळा केला होता. आधीच्या आठवड्यात ऑफिसच्या फाइलमधून, त्याच बोळातल्या त्याच भिंतीवरून, कॉपी करून आणला होता.

एक वस्तू कॉपी केली की तिला बांधलेलं जे काही असेल तेही सोबत येतं. नवशिक्यालाही हे माहीत असतं. मी कशाला काय बांधलंय ते बघितलंच नव्हतं.

दार निवडून डिलीट दाबलं. सॉफ्टवेअरने सूचना दिली की यासोबत खालच्या वस्तूही जातील. जाणाऱ्या वस्तू पडद्यावर निळ्या झाल्या. दांडा, पलंग...

आणि बाई.

उंचीचा अंदाज यावा म्हणून मॉडेलमध्ये माणसाची एक आकृती उभी करतात. मी एक बाई उभी केली होती आणि गंमत म्हणून तिला नाव दिलं होतं, मावशी.

मी थांबलो. एकेक नातं तोडायला घेतलं. दांडा सुटला. पलंग सुटला. बाई सुटली...

आणि परत निळी झाली.

ती दाराला बांधलेली होती. माणसाची आकृती दाराला बांधताच येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोयच नाही.

मी डिलीट रद्द केलं.

पहाटे मला राहवलं नाही. उजाडताच मावशीच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसलो. खोलीला एकच दार, आणि ते माझ्यासमोर. खिडकीला गज आहेत. आतून तिचं घोरणं ऐकू येत होतं.

मग ते थांबलं.

खट... कडी निघाली. समोरच्या दाराची नाही.

थोड्या वेळाने माझ्या मागून, स्वयंपाकघरातून, मावशी आली. हातात चहाचा कप.

"इथे काय करतोयस, पहारा देतोयस का?"

"तू... कुठून आलीस?"

"दारातून. अजून कुठून येणार?"

मी खोलीत जाऊन बघितलं. वॉकर पलंगाला टेकवलेला होता.

तेव्हापासून मावशी वॉकर धरत नाही. डॉक्टर खूश आहेत. शेजारच्या काकू म्हणतात, नशीब काढलंस रे पोरा.

पण मावशी आधी दिवसभर माझ्यावर करवादायची. केस कापले नाहीस, पंखा बंद केला नाहीस, कुठे उलथला होतास. आता एक शब्द नाही. मी बोलतो तेव्हा ऐकते आणि हसते. मी तिच्याकडे चोरून बघतो. तीही बघत असते.

ऑफिसच्या मॉडेलमधून दार नाहीसं झालंय. फुटपट्टीला विचारलं तर म्हणाला, "कुठलं दार?" तो खोटं बोलत होता का, मला सांगता येत नाही.

लॅपटॉप मी कपाटात बंद करून ठेवलाय. गवंड्याला आज-उद्या करत टाळतोय. भिंत पाडली तर दार पुढच्या भिंतीत जाईल, की त्याला जे बांधलंय ते सोबत घेऊन जाईल, मला माहीत नाही. पुढची भिंत माझ्या खोलीची आहे.

हे लिहीत असताना गवंड्याचा फोन आला.

"उद्या सकाळी येतो, दादा. तुमच्या मावशींनीच बोलावलंय."

"मावशीने? फोन केला तिने?"

"फोन नाही, स्वतः आल्या होत्या. चालत."

गवंडी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहतो. मावशी आज घराबाहेर पडलेली नाही. मी दिवसभर बाहेरच्या दाराशीच बसलोय.

आत्ता ती तिच्या खोलीतून हाक मारून म्हणाली, "येऊ दे की त्याला. पाडू दे भिंत. मला काय होतंय?"

मी विचारलं, "आणि मावशीला?"



आतून फक्त... खट.