दहा बायकांची सर्दी

“मॅडम, आम्ही इथे अडकलोय आणि कागदावर मजेत आहोत!”

फोनवर नर्स जवळजवळ ओरडतच होती. खासगी गुप्तहेर वहिनींनी फोन स्पीकरवर टाकला. त्याही अडकलेल्याच. पाय प्लास्टरमध्ये, तीन आठवडे पलंग सुटायचा नाही! शेजारी त्यांचे दीर आणि मदतनीस भावजी वही घेऊन सरसावले.

हकिगत अशी. पूल खचला, गाव तुटलं. आठ दिवस वीज नाही. पाणी शुद्ध करायचं हातयंत्रही मोडलेलं. बारा मुलं जुलाबांनी आडवी. दवाखान्याच्या सौरदिव्यावर एकट्या नर्सचा फोन जिवंत. आणि यंत्र देणाऱ्या संस्थेने कालच शहरातून फोनवर पाहणी केली, तर म्हणे दहा बायकांनी सांगितलं, ‘यंत्र झकास!’

“म्हणून दुरुस्तीवाल्यांची नाव चार वाजता दुसऱ्याच गावाला निघतेय. माझं कोणी ऐकतच नाही!”

“किती वाजले, भावजी?”

“अडीच.”

वहिनींनी संस्थेच्या पर्यवेक्षकाला दटावून मुलाखतींचं रेकॉर्डिंग मागवून लावलं.

“तुमच्या घरी यंत्राचंच पाणी पिता का?”

“हो तर! आपण सगळे तेच पितो की.”

मागे पंख्याची घरघर. भावजींनी दहाही मुलाखती ऐकल्या. “एक घोगरी, एक नाकातून, एक खोकत... दहाही बायकांना सर्दी झालीय, वहिनी. बिचाऱ्या!”

“काढा नंतर पाठवा.”

मुलाखती बनावट आहेत का विचारताच यंत्र बसवणारा फोनवर उखडलाच. “यंत्र मोडलं तर माझी बदनामी, कबूल. पण म्हणून बायकांचे आवाज काढू? मी काय नाटकात आहे?”

पर्यवेक्षक चाचरला. “नंबरांची यादी माझी. पण उत्तर भरल्याशिवाय फॉर्मचं पुढचं पान उघडतच नाही. दहा फॉर्म पूर्ण आले, म्हणजे दहा बायका बोलल्याच ना!”

शेवटी प्रश्न विचारणारी फोनवाली. ती घरूनच काम करायची. “मी विचारलं, त्यांनी सांगितलं. झालं! अहो जाऊबाई, भांडी जरा हळू!”

साडेतीन वाजले.

“यंत्रवालाच!” भावजींनी वही मिटली. “फायदा त्याचाच.”

“वही उघडा,” म्हणत वहिनींनी तिघांनाही एकाच कॉलवर घेतलं. “गावात वीज नाही, मग पंखा कोणाचा? म्हणजे उत्तर देणारी गावातली नाहीच. आता तिचं बोलणं. परक्या बाईला आपल्या घरचं सांगताना आपण ‘आम्ही’ म्हणतो. ‘आपण’ म्हटलं की ऐकणारीही त्यात आली. म्हणजे विचारणारी आणि सांगणारी एकाच घरातलं पाणी पितात!”

भावजींनी आ वासला. “जाऊबाई!”

“दहा सर्द्या, नाक एकच.”

पलीकडे हुंदका फुटला. “एकही नंबर लागत नव्हता हो. ‘फोन लागला नाही’ असा रकानाच नाही! फॉर्म पुढे सरकेना, आणि दिवसाला दहा झाले नाहीत तर उद्यापासून काम बंद म्हणाले. मग जाऊबाईंना समोर बसवलं...”

“अगं, दहाही फोन न लागणं हीच तर सगळ्यात मोठी खबर होती! आणि पर्यवेक्षक, ती लिहायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत.”

“मी... वरिष्ठांना विचारून...”

“साहेब, तिथे मुलं आडवी आहेत!” फोनवाली किंचाळली. “खोटे फॉर्म मीच भरले. हवं तर माझं नाव घाला, पण ती नाव वळवा!”

मग पर्यवेक्षकाने दुसरा फोन उचललेला ऐकू आला.

“हॅलो, नाववाले? थांबा. दोर सोडू नका.”