खंदक मोकळा आहे

नागपुरात भूकंप कुठे होतो, असं मला जो तो विचारतो. माझ्या बायकोनं, पायलनं, तर लग्न ठरतानाच विचारलं होतं. मी वाद घालत नाही. इमारती आयसोलेटरवर उभ्या करणं हे माझं काम. पाया आणि इमारत यांच्यामध्ये रबर-पोलादाच्या जाड गाद्या बसवायच्या. जमीन हादरली की इमारत त्यांच्यावर सावकाश डुलते. तिला डुलायला जागा हवी, म्हणून भोवती खंदक ठेवतात. अरुंद, माणूस अंग चोरून जेमतेम शिरेल एवढा.

त्या मे महिन्यात सदर भागाजवळच्या एका नव्या दवाखान्याची चाचणी होती. जॅक लावून अख्खी इमारत वीतभर ढकलायची आणि एकदम सोडायची. सोडताना खंदकात कोणी असेल तर त्याचा भुगा. म्हणून उतरणारा आपला बिल्ला शिडीजवळच्या खिळ्याला अडकवतो, वर आला की काढून घेतो आणि मग 'मोकळं' म्हणतो. आमची पोरं मात्र आळशी. आतूनच ओरडतात आणि मग रमतगमत चढतात.

पायलचा एकुलता भाऊ पियुष जॅक तपासायला उतरला होता. त्याला या कामावर मीच लावलं होतं. वर ऊन रखरखत होतं, खंदकातून मात्र गार, ओल्या रबराचा वास येत होता. जॅकवर पूर्ण ताण आला. खाली कुठेतरी करकर झाली.

"भाऊजी, मोकळं आहे. सोडा."

पियुषचाच आवाज. मी जॅकचा ताण सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर हात ठेवला आणि सवयीनं शिडीकडे पाहिलं. बिल्ला खिळ्यालाच होता.

"आधी वर ये."

"मोकळं आहे... सोडा."

"वर काहून नाही येऊन राहिला तू?"

"सोडा ना, भाऊजी... सोडा."

मी धावत उतरलो. टॉर्चच्या उजेडात पियुष दिसला. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून उभा होता. आवाज त्याच्या पलीकडून, अंधारातून येत होता.

कॉलर धरून मी त्याला वर ओढत आणलं. मी विचारलं,

"वर निंगला काहून नाही?"

"तुम्हीच म्हणाले ना... थांब, हलू नको, मी येऊन राहिलो... माझ्या मांगूनच बोलून राहिले होते तुम्ही."

चाचणी तिथेच थांबवावी असं वाटलं. पण एका जॅकचं तेल गळू लागलं होतं. इमारत तशी ठेवून चालणार नव्हतं. मी खंदकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेड मारला. कोणी नव्हतं. पियुषनं बिल्ला काढून छातीला लावला. मी व्हॉल्व्ह फिरवला.

इमारत सरकली. आणि खंदकातून किंकाळी आली. पियुषच्या आवाजातली. ती मध्येच तुटली.

पियुषनं माझं मनगट घट्ट धरलं. त्याचा हात थंडगार पडला होता.

"भाऊजी..." तो पुटपुटला, "मी वरच आहो ना?"