मागच्या खोलीतली रेंज

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. ही गोष्ट माझ्या सख्ख्या काकांच्या घरात घडली आहे, आणि काका थापा मारणाऱ्यांतले नाहीत. चष्म्याच्या दुकानात त्यांचा उभा जन्म गेला. दिसेल तेवढंच बोलायचं, ही त्यांची सवय.

याच हिवाळ्यातली, शनिवारची संध्याकाळ. घर लांबट आहे. पुढे हॉल, मग पॅसेज आणि अगदी शेवटी मागची खोली.

त्या मागच्या खोलीत काकू गेल्या.

त्यांच्या आजारपणात वाय-फाय तिथपर्यंत कधी पोचलंच नाही. मध्ये जाड भिंत, भिंतीला टेकून लोखंडी कपाट. लेक परदेशात. रोज दिवेलागणीला तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं म्हणून काकू दुखरी कंबर सावरत उठायच्या आणि स्टूल ओढत पॅसेजमध्ये आणायच्या. तिथे कशीबशी रेंज मिळायची.

"दिसतेय का मी?" हे त्यांचं पहिलं वाक्य. बहुतेक वेळा त्या दिसत नसत. चित्र अडकून बसायचं.

"अहो, काहीतरी करा ना याचं," त्या काकांना म्हणायच्या.

"बघू पुढच्या महिन्यात."

"तुमचा पुढचा महिना कुठल्या कॅलेंडरात असतो, ते एकदा दाखवा तरी."

काका हसायचे. तो महिना काही आला नाही, काकूच गेल्या.

नंतर एका संध्याकाळी काका हॉलमध्ये एकटेच टीव्ही बघत होते. आणि पॅसेजमधून आवाज आला...

खर्रर्र...

स्टूल ओढल्याचा.

काका उठून गेले. पॅसेजच्या मधोमध स्टूल होतं. बाकी कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. मग रोजच.

काकांना भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. दिवे लागले की ते टीव्ही बंद करून वाट बघत बसायचे. कोणाला बोलले मात्र नाहीत. लेकीला कळलं असतं तर तिने त्यांना उचलूनच नेलं असतं.

पण हळूहळू आवाज बदलला. थोडं ओढल्याचं ऐकू यायचं... मग थांबायचं... मग पुन्हा थोडं. शेवटच्या दिवसांत काकू दम घेत घेत ओढायच्या, अगदी तसं.

तिला अजून दुखतंय, काकांच्या मनात आलं. आणि रेंजसाठी अजून बाहेर यावं लागतंय.

त्यांनी इंटरनेटच्या फायबरवाल्याला बोलावलं.

तोच तो शनिवार. फायबरवाला मोबाइल हातात धरून घरभर फिरला, सिग्नल बघत.

"नुसता रिपीटर नका घेऊ काका, स्पीड पडतो त्यात. मेश घ्या, एकमेकांना जोडलेले वाय-फायचे डबे. दोन डब्यांचा सेट पुरे. एक हॉलमध्ये, एक पॅसेजमध्ये."

"आणि मागची खोली?"

"तिथे नाही पोचणार. कपाट आडवं येतंय. त्यासाठी वायर ओढून तिसरा डबा लावावा लागेल. पण तिकडे राहतं कोण?"

"कोणी नाही."

"मग उगाच कशाला?"

काकांनी मागच्या खोलीकडे पाहिलं. दोन डबे घेतले तर ती रोज पॅसेजपर्यंत येत राहणार. तो आवाज रोज ऐकायला मिळणार. आणि तिसरा लावला तर...

खर्रर्र...

थांबून, दम घेऊन, पुन्हा... खर्रर्र...

फायबरवाल्याने मान वळवली. "आत कोणी आहे का?"

"तुमचाच साहेब असेल, काम तपासायला आलेला," काका म्हणाले. थट्टा होती, पण नजर पॅसेजकडे होती. मग ते म्हणाले, "तीन लावा."

त्याने वायर ओढली, तिन्ही डबे लावले, मोबाइलवर ॲप उघडलं आणि तसाच बघत राहिला.

"काका... मागच्या खोलीत एक फोन जोडलेला दाखवतंय."

"असेल."

"असेल कसा? नवा पासवर्ड मी अजून कोणाला दिलेलाच नाही."

हत्यारं गोळा करून तो पाणीही न पिता गेला.

दुसऱ्या संध्याकाळी काका टीव्ही बंद करून बसले. दिवे लागले. कान पॅसेजकडे.

काहीच नाही.

त्या दिवसापासून तो आवाज पुन्हा आलाच नाही. काकू दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं त्यांना.

आठवडाभराने लेकीचा फोन आला. रडत होती.

"बाबा, आईचा फोन मी इकडे घेऊन आले ना? माझ्या कपाटात बंद पडून आहे. तरी तिच्या नावाने व्हिडिओ कॉल येतोय. रोज."

"काय दिसतं?"

"मागची खोली. पलंग, खिडकी, पडदा. अगदी स्वच्छ, कुठे अडकत नाही. आणि आईचा आवाज येतो... दिसतेय का मी?"

"मग तू काय म्हणतेस?"

"कोणीच दिसत नाही, बाबा. पण मी म्हणते, हो आई, दिसतेस."

काकांनी हळूच विचारलं, "माझं काही विचारते का गं?"

"जेवलात का, बाबा?" लेक म्हणाली.

हे सगळं काकांनी मला परवा सांगितलं. मी गेले तेव्हा ते पॅसेजमध्ये त्याच स्टूलवर बसले होते. मागच्या खोलीचं दार लोटलेलं, फटीतून डब्याचा हिरवा दिवा दिसत होता. मी दार उघडून पाहिलं. आत कोणी नव्हतं. तरी त्या घरात मी माझा फोन वाय-फायला जोडला नाही. हात धजेना.

"काका, इथे थंडीत कशाला बसलात? येतील काकू पुन्हा बाहेर," मी आपलं काहीतरी बोलले.

त्यांनी मान हलवली.

"आता कशाला येईल? आत रेंज फुल आहे."