दाढेची साक्ष

दाढ उपटून झाली आणि डॉ. फरीदा मुजावर यांनी नेहमीप्रमाणे ती दंतवाचकात ठेवली. मिरजेतल्या बहुतेक दवाखान्यांत आता हे यंत्र होतं. झाडाच्या खोडात असतात तशी दाढेच्या कवचातही बालपणाची वलयं असतात. लहानपणी पोटात काय काय गेलं, ते त्यांवरून वाचता येई.

"दोन वर्षांपर्यंत आईच्या अंगावर प्यायलायत तुम्ही," पडद्याकडे बघत डॉक्टर म्हणाल्या.

बधिर ओठांनी अवंती देवस्थळी हसली. "यंत्र बिघडलंय तुमचं. मी जन्मतःच बसस्थानकावर सापडले. अनाथाश्रमात डब्याच्या दुधावर वाढले, मग दत्तक गेले."

"डब्याच्या दुधाची खूण वेगळी उमटते. ही आईच्याच दुधाची आहे." डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "बाळाला अंगावरून हळूहळू तोडलं की दुधाची रेघ फिकी होत जाते. तुमची कापल्यासारखी थांबलीय. लगेच पुढे उपासमार, त्या वेळच्या मोठ्या दुष्काळातली असावी. आणि त्याआधीचं पाणी इकडचं नाही. ग्रॅनाइटचा खडक, भरपूर फ्लोराइड. तेलंगणाच्या सीमेवरची दोन-तीन गावं, बस्स."

अवंती वकील होती. दुसऱ्यांचे खोटे जबाब फोडण्यात तिची हयात गेली होती. आपल्याला टाकून दिलं होतं, हा जबाब मात्र तिने कधी तपासलाच नव्हता.

घरी आईने, शकुंतलाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे कुणाच्या तरी मांडीवरनं ओढून आणलेली पोर मी वाढवली?"

"तुला माहीत नव्हतं, आई."

"नव्हतं. आता आहे. चल, मी येते."

दुसऱ्या दिवशी दाढेची हकीकत ऐकून आश्रमाचे अध्यक्ष गोड हसले. "ताई, चांगल्या घरी वाढलात. जुनं कशाला उकरता? दाढेची साक्ष कुठलं कोर्ट मानेल?"

"मानायला लावीन," अवंती म्हणाली. "तुमच्याकडून दत्तक गेलेल्या प्रत्येक मुलीची दाढ कोर्टात ठेवीन."

अध्यक्षांचं हसू मावळलं. तेवढं तिला पुरेसं होतं.

पाण्याचा माग काढत मायलेकी आधी एका गावात गेल्या, तिथे कुणालाच काही ठाऊक नव्हतं. मग निंबटेकला पोचल्या. देवळासमोरच्या पारावर उभं राहून अवंतीने कोर्टातल्या आवाजात विचारलं, "त्या मोठ्या दुष्काळात कुणाची दोन वर्षांची लेक हरवली होती का?"

एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. "हरवली नाही, माय. दवाखान्यात नेतो म्हणले, गाडीत घातली. पुन्हा दावलीच नाही."

"माही बी," मागून दुसरी म्हणाली. तिसरी नुसतीच येऊन उभी राहिली आणि अवंतीच्या हनुवटीकडे टक लावून बघत राहिली. चौथीला सून हाताला धरून घेऊन आली.

शकुंतलाबाईंनी थैलीतून लाळ तपासायच्या पट्ट्या काढल्या. "घे बाई. तुझी आई कोण, ते एकदाचं कळू दे."

अवंतीने चौघींकडे पाहिलं. एकीला लेक मिळाली, तर तिघींना काय सांगायचं? ती पारावरून उतरली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"तपासणी सगळ्यांचीच करू," ती म्हणाली. "चौघींच्या लेकी शोधू. पण आधी सांगा, ती गाडी घेऊन कोण आलं होतं?"